गटाराचा अहवाल आणि सभासदांची जबाबदारी

पावसाळा तोंडावर आला की सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत सांडपाण्याच्या नळांचा विषय हमखास निघतो. अलीकडे नळात कॅमेरा सोडून पाहणी करण्याची सोयही उपलब्ध झाली आहे. पाहणी होते, अहवाल येतो. सभासदांची नजर मात्र थेट शेवटच्या पानावरील खर्चाच्या आकड्यावर जाते. वस्तुतः त्या आकड्याला आधीच्या पानांत आधार आहे काय, हेच पाहावयाचे असते.

अहवालातील नोंदी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. तेलकट थर, गाळ, कपड्याचा बोळा हा अडथळा होय. फुटलेला नळ, सरकलेला सांधा, बिघडलेला उतार हा दोष होय. अडथळा सफाईने दूर होतो, दोष दुरुस्तीवाचून जात नाही. पिंपळाची मुळे नळात आढळली तर तो अडथळाच वाटतो. परंतु सांधा वा तडा उघडा असल्याखेरीज मूळ सहसा आत शिरत नाही. मुळे कापून सांधा तसाच ठेवणे म्हणजे तोच खर्च वर्षानुवर्षे मंजूर करणे होय. भांडवली खर्च टाळण्यासाठी आपण आवर्ती खर्च कायमचा पत्करतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. नळात पाणी साचलेले दिसले की तो खचला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पण पुढे कोठे अडथळा असला तरीही पाणी साचतेच. सफाईनंतर पुन्हा पाहिले असता पाणी त्याच जागी उभे असेल, तरच उतारावर ठपका ठेवता येईल. चार इंची नळाला चाळीस फुटांस एक फूट उतार असावा, असा जुना ठोकताळा आहे. दोष कोणत्या चेंबरपासून किती अंतरावर आहे? पाहणीपूर्वी नळ साफ केला होता काय? नळाचे तोंड बंद करून, पाणी भरून, पातळी उतरते काय हे तपासले काय? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर अहवाल अपुरा समजावा.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने दाखवून दिले की, माहिती विक्रेत्यापाशीच असेल तर ग्राहकाचा विश्वास ढळतो आणि बाजारच बिघडतो. जमिनीखालच्या नळाची गोष्ट निराळी नाही. पाहणी करणाराच दुरुस्तीचा ठेकेदार असेल, तर दोष मोठा दिसण्यात त्याचा लाभ असतो. यास्तव ही दोन कामे भिन्न व्यक्तींकडे द्यावीत आणि चित्रफीत संस्थेने स्वतःकडे ठेवावी. सामाईक नळांचा खर्च संस्थेचा, सदनिकेच्या आतील दुरुस्तीचा सामान्यतः सभासदाचा. हा हिशेबही दोषाची जागा नक्की झाल्याशिवाय सुटत नाही.

परंतु हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. वारंवार तुंबणारे गटार 'स्वस्तात' उघडण्यासाठी अखेर कोणास तरी आत उतरविले जाते. संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात वा मैलाटाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली असून, ती खासगी व्यक्तींनाही लागू आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. तरीही गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येतच राहतात. सुशिक्षित सभासदांनी चार पाने लक्षपूर्वक वाचून दोषाची वेळीच दुरुस्ती केली, तर त्यांचा पैसा वाचेलच. कदाचित एखाद्याचा प्राणही वाचेल.