ॲस्टरला तोडणी टोळी येत नाही



गटागटांतून फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, "साहेब, उसाबरोबर थोडा ॲस्टर लावला तर?" उसाचे बिल हाती पडायला वर्ष-दीड वर्ष जाते. ॲस्टर मात्र बी टाकल्यापासून साधारण चार महिन्यांत बाजार दाखवतो. मधल्या काळात घरखर्चाला हातभार हवा, हे आम्हालाही पटते. तेव्हा 'लावू नका' असे आम्ही म्हणणार नाही. पण किती लावायचा हे जमीन पाहून ठरवू नका, घरातले हात मोजून ठरवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उसाने आपल्याला एक सवय लावली आहे. नोंद दिली, की टोळीची आणि वाहनाची काळजी कारखान्याची. पाळी लांबली तर वजन घटते, आपण गट ऑफिसला येऊन भांडतो. तरी ऊस फडात उभा असतो. ॲस्टरला टोळीही नाही अन् पाळीही नाही. फूल तयार झाले त्या दिवशी ते कापलेच पाहिजे.

दांड्याची फुले विकायची असतील, तर बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उमललेल्या आणि मधला भाग अजून मिटलेला असतानाच कापणी करावी. कच्चे कापले तर नीट उमलत नाही, पिकल्यावर कापले तर वाटेतच माना टाकते. हारासाठी सुटी फुले मात्र पूर्ण उमलल्यावर खुडावीत. कापणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. विळी धारदार आणि दांडा जमेल तितका लांब असावा. खालची पाने काढून दांडे लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत, सावलीत उभे करावेत. ओल्या फुलांच्या जुड्या बांधू नयेत, बुरशी धरते. मग लांबीप्रमाणे प्रतवारी आली. गुलटेकडीला किंवा दादरला माल पहाटे पोचायचा, म्हणजे हे सगळे आदल्या दिवशीच उरकायला हवे.

आता हात मोजा. दसरा-दिवाळी धरायची तर बी जूनच्या सुमारास गादीवाफ्यावर टाकावे लागते. महिन्याभराने पुनर्लागण, म्हणजे नेमकी आडसालीच्या लागणीच्या धांदलीत! म्हणून आमचा सल्ला पाच-दहा गुंठ्यांचा, आणि तेही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत. बी ताजेच घ्यावे, जुन्याची उगवण घटते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले गणेश' वाण पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या रंगांत आहेत. 'कामिनी', 'पूर्णिमा' हेही चांगले.

जागेचीही निवड नीट करा. उसासारखे पाणी तुंबवले तर ॲस्टरला मर लागते. त्याच जागी ॲस्टरवर ॲस्टर घेऊ नये. उंच उसाच्या सावलीत तर मुळीच नको. आणि शेजारच्या फडात टू-फोर-डी मारताना वारा बघा. उसाला ते चालते, पण रुंद पानांच्या ॲस्टरवर उडाले तर प्लॉट हातचा गेला म्हणून समजा.

शेवटचे बोलणे थोडे कडू आहे. ही कापणी, जुड्या, प्रतवारी बहुतेक घरांत बायकाच करतात. स्वयंपाक, धारा, उसातली खुरपणी असतेच, त्यावर हे. एकरभर ॲस्टर लावून "घरचीच माणसं आहेत की" म्हणणे, म्हणजे त्यांची मजुरी शून्य धरणे. अशा हिशेबात कोणतेही पीक फायद्याचेच दिसेल! वहीत घरच्या मजुरीचा रकाना घाला. त्यानंतर चार पैसे उरत असतील तरच क्षेत्र वाढवा. आणि जिने फुले कापली, तिच्या नावावर अडत्याकडची पट्टी निघू द्या. उसाचे बिल सभासदाच्या नावावर निघते, फुलांचे तिच्या नावावर निघाले तर घराचे काही बिघडत नाही.

— ऊस विकास अधिकारी