फुकेतचा फ्लॅट

हापिसात सध्या नवं खूळ शिरलंय: म्हातारपणी थायलंडला राहायचं, म्हणून घर आत्ताच घेऊन ठेवायचं. अरे बाबांनो, परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होतच नाही! कॉन्डो मिळतो, तोही इमारतीतला परदेशी लोकांचा ४९ टक्क्यांचा वाटा भरला नसेल तर. बंगला हवा तर ३० वर्षांचा भाडेपट्टा. म्हणजे आज २८ व्या वर्षी घेतलात तर ५८ ला, नेमकं राहायला जायच्या वेळी, तो संपणार. झकास!

आणि घर घेतलं म्हणून राहायची परवानगी मिळत नाही. रिटायरमेंट व्हिसा पन्नाशीनंतर, बँकेत ८ लाख बाथ किंवा तसं नियमित उत्पन्न दाखवून, तोही दरवर्षी नव्याने. पोर्तुगालने तर २०२३ मध्ये घरखरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसाच बंद केला. थायलंडचे नियम तीस वर्षांनी काय असतील, विचारा की तुमच्या एजंटला!