रक्तवाहिनीतील दाह आणि पन्हाळ्याची कळलावी

श्रावण-भाद्रपदात पन्हाळ्याच्या उतारांवरील झुडपांतून कळलावीची वेल वर चढते. तिच्या पिवळ्या-तांबड्या, वर वळलेल्या नागमोडी पाकळ्या ज्वालांसारख्या दिसतात, म्हणून संस्कृतात तिला ‘अग्निशिखा’ म्हणतात. फूल देखणे असले तरी वेल जहाल विषारी आहे; आयुर्वेदाने ‘लांगली’ या नावाने तिची गणना उपविषांत केली आहे. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन हे द्रव्य असते. ‘गाउट’ या सांध्यांच्या विकारावर ते फार पूर्वीपासून वापरले जाते. गेल्या काही वर्षांत मात्र हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष त्याकडे वळले आहे. सांध्यांच्या औषधाचा हृदयाशी संबंध काय, हे समजण्यासाठी धमनीच्या भिंतीत काय घडते ते पाहिले पाहिजे.

नळात गाळ साचावा तशी धमनीत चरबी साचते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. धमनीचे आतील अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढले, अथवा तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह यांनी हे अस्तर दुखावले, की कोलेस्टेरॉलचे कण त्याखाली शिरून अडकतात व तेथे त्यांचे स्वरूप बदलते. शरीराला ते परके वाटू लागतात. मग रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात आणि भक्षकपेशी बनून ते कण गिळू लागतात. चरबीने फुगलेल्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. त्यांतील अनेक तेथेच मरतात, आणि त्यांच्या मागोमाग नवी कुमक येत राहते. यालाच दाह म्हणतात.

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा शत्रू तटाबाहेर होता आणि शिबंदी आत. धमनीत मात्र रक्षण करणारी शिबंदीच तटाच्या भिंतीत मुक्काम ठोकते आणि तिच्याच शस्त्रांनी तट पोखरला जातो. या पेशींतून पाझरणारे पाचक रस चरबीच्या गाठीवरील आवरण पातळ करतात. ते फुटले की तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा काही मिनिटांत तुटतो. म्हणूनच, ज्यांच्या धमनीत फारसा अडथळा नव्हता अशांनाही कधी कधी अकस्मात झटका येतो.

धमनीच्या या विकारात दाह असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. १९९९ साली अमेरिकेतील रसेल रॉस यांनी या विकाराला स्पष्टपणे ‘दाहजन्य रोग’ म्हटले. निर्णायक पुरावा २०१७ साली मिळाला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत, कोलेस्टेरॉल न घटवता केवळ दाह शमवणाऱ्या इंजेक्शनाने पुढील झटके व तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र ते घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. पहारेकऱ्यांना आवरण्याची ती किंमत होती.

त्यानंतर कोल्चिसीनची पाळी आली. ते पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ५,५२२ जुन्या हृदयरुग्णांवरील चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम मात्रेने अशा घटना ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२३ साली अमेरिकेने या उपयोगास मान्यता दिली. उलट, २०२४ साली जाहीर झालेल्या, नुकताच झटका आलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत लाभ आढळला नाही. तेव्हा हे औषध कोणाला द्यावे, याचा निर्णय तज्ज्ञांवरच सोपवावा. मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना व काही प्रतिजैविके घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. कळलावीचा कंद अथवा काढा घरगुती उपाय म्हणून घेणे तर थेट जिवावर बेतते.

व्यापारी कुटुंबांत ‘आपण शाकाहारी, आपल्याला हृदयविकाराचे भय नाही’ असा विश्वास आढळतो. शाकाहार हितकरच आहे. परंतु दिवसभर पेढीवर बैठक, वाढलेला पोटाचा घेर, तळलेले व गोड पदार्थ, अनियंत्रित साखर आणि तंबाखू-मिश्री यांनी शाकाहारी शरीरातही दाह धुमसत राहतो. हिरड्यांच्या जुनाट रोगाचाही हृदयविकाराशी संबंध आढळला आहे.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. स्टेंट बसला, छातीतील दुखणे थांबले, म्हणजे रोग संपला असे मानून अनेक जण गोळ्या बंद करतात. स्टेंट एक अडथळा मोकळा करतो. इतर धमन्यांच्या भिंतींतील दाह तसाच राहतो. स्टॅटिनच्या गोळ्या कोलेस्टेरॉलबरोबर हा दाहही उतरवतात. म्हणून बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्या सोडू नयेत. दाहाचा अंदाज देणारी एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी उपलब्ध आहे. सर्दी-तापातही तिचा आकडा वाढतो, म्हणून ती प्रकृती ठीक असताना करावी आणि तिचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. घरातील ज्येष्ठांच्या गोळ्या नियमित चालू आहेत ना, एवढी चौकशी तर आजच करता येईल.