मागाहूनचे बारसे

शेव्हरोलेने 1955 साली 265 घनइंचांचे व्ही-आठ इंजिन आणले, तेव्हा त्याला कोणी ‘स्मॉल ब्लॉक’ म्हणत नव्हते. धाकटे म्हणायला घरात थोरले असावे लागते. 1958 मध्ये 348 घनइंचांचे दांडगे भावंड आले आणि पहिले धाकटे ठरले. फोर्डच्या 1932 च्या व्ही-आठचीही तीच कथा. झडपा ब्लॉकमध्येच असल्याने त्याचे वरचे झाकण सपाट होते. परंतु झडपा माथ्यावर नेणारी इंजिने रूढ झाली, तेव्हा तो सपाटपणा डोळ्यांत भरला आणि ‘फ्लॅटहेड’ हीच त्याची ओळख झाली.

कारखान्याने दिलेली नावे याहून कोरडी असतात. जग्वारच्या 1948 च्या ‘एक्सके’ इंजिनातील एक्स म्हणजे प्रायोगिक, आणि के हे केवळ अनुक्रमातील अक्षर. अँबॅसडरने आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ वागवलेले 1489 घनसेंटीमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’मधले. अशा अक्षरांत वर्णन नाही, निव्वळ नोंद आहे.

खरी गंमत फोर्डच्या 351 घनइंची इंजिनांची. 1969 आणि 1970 च्या गाड्यांसाठी अशी दोन इंजिने निघाली. सिलिंडरचा व्यास तोच, दट्ट्याची धावही तीच. माथे मात्र निराळे, आणि एकाचे दुसऱ्याला सहजी बसत नसे. आकडा निरुपयोगी ठरला, म्हणून कारखान्यांची गावे कामी आली: कॅनडातले विंडसर आणि ओहायोतले क्लीव्हलंड. पुढे ऑस्ट्रेलियात जीलाँग येथे तयार झालेले इंजिनही ‘क्लीव्हलंड’च म्हटले गेले. गाव सुटले, कूळ उरले.

हा विषय यंत्रशाळेचा आहे, साहित्याच्या वर्गाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. बोलपट आले नसते, तर ‘मूकपट’ या शब्दाची गरजच पडली नसती. वर्डस्वर्थ आणि कीट्स यांनी आपल्याला ‘रोमँटिक’ म्हणवून घेतले नव्हते; ते लेबल मागाहून चिकटले. तरीही आपण वर्गात आधी लेबल शिकवतो, मग त्याची लक्षणे सांगतो आणि शेवटी, वेळ उरलाच तर, कविता वाचतो. लक्षणांत न बसणारी कविता अपवाद म्हणून बाजूला पडते. यात नुकसान कवितेचे आणि विद्यार्थ्याचेही होते.

नावे टाकून द्यावीत, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यावाचून चालत नाही. नावाची चूक झाली तर गॅरेजमध्ये भलताच माथा हातात येतो. मात्र जुन्या इंजिनांचा जाणकार नाव ऐकून थांबत नाही, तो झाकण उघडून पाहतो. साहित्याच्या अभ्यासकाने प्रत्येक संज्ञेला तीन प्रश्न विचारावेत: हे नाव कोणी दिले, केव्हा दिले, आणि तेव्हा शेजारी कोण उभे होते? एवढे झाले, तरी वाचनाला पुष्कळ मोकळीक मिळेल.