मूडची वाट पाहू नका

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मोबाइलवर नोटिफिकेशन वाजलं की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. रात्री तीनला जाग यायची, सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठवत नसे. बरेच महिने कुणाला बोललो नाही. बोललो तेव्हा एकाने विचारलं, "एवढी चांगली नोकरी, मग टेन्शन कसलं?" दुसऱ्याने नमाजाकडे दुर्लक्ष झाल्याचं कारण सांगितलं. मी आणखी गप्प झालो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं आणि समुपदेशकाकडे पाठवलं. तिथे एक साधी गोष्ट कळली. बरं वाटलं की कामाला लागू, असं म्हणत बसलो तर बरं वाटतच नाही. आधी पाय हलवायचे, मन मागून येतं.

पहिल्या आठवड्यात फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चाललो. पुढे रोज अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास पुरे. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवली. दुपारनंतरचा चहा सोडला, कारण कॅफिन शरीरात कित्येक तास राहतं. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी १५ मिनिटं वहीत काळज्या लिहायच्या आणि वही मिटायची. रोज एका माणसाशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलायचं. एखादा दिवस चुकला तर स्वतःला कोसायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

पण या सवयी म्हणजे उपचाराला पर्याय नाहीत. उदासी, कशातच रस नसणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

दुआ करावीच, पण दवाही घ्यावी. मधुमेहाच्या रुग्णाला आपण ईमान कमी पडलं असं म्हणत नाही, मग मनाच्या आजारालाच का? हा क्रमांक आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात, मशिदीच्या फलकावर, शाळेत लावूया. गप्प बसलेला कुणीतरी तो नक्की वाचेल.