थांब, चिप बदलतेय!

पुढच्या फोनमध्ये प्रोसेसर कुणाचा असणार, यावर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दरवर्षी पैजा लागतात. या पैजांच्या नादात थांबून राहणाऱ्या तमाम मंडळींसाठी, एका थांबलेल्या मुलीकडून...

‘अगं, आत्ता फोन घेतलास तर पस्तावशील. पुढच्या मॉडेलमध्ये चिप बदलतेय!’

हे वाक्य मी गेल्या वर्षी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. ऐकवणारा माझा कॉलेजपासूनचा मित्र. ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये कामाला. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक प्राणी असतोच. पुढच्या वर्षी येणाऱ्या फोनच्या पोटात काय दडलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आज दुपारी डबा कुणाचा खायचाय हे मात्र माहीत नसतं. ‘आतली खबर आहे’ असं तो दर वेळी म्हणतो. आत म्हणजे नेमकं कुठे, हे आम्ही कधी विचारलं नाही.

माझा फोन तेव्हा चार वर्षांचा होता. बॅटरी तीस-बत्तीस टक्के दाखवत असतानाच मान टाकायचा. पैसे साठले होते, मॉडेलही ठरलं होतं. पण मित्र म्हणाला थांब, म्हणून थांबले. आधी दसऱ्याच्या सेलपर्यंत. मग लाँचच्या तारखेपर्यंत. मग ‘आपल्याकडे कुठली चिप येतेय ते बघू’पर्यंत. असे सहा महिने गेले.

त्याच काळात गिरगावातल्या एका चाळीत मुलाखतीला गेले. आजोबा ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक करून उलटे जुळवत वाक्यं उभी करणारा माणूस. मुलाखत झकास रंगली. रात्रपाळीबद्दल बोलता बोलता ते मध्येच थांबले. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात, बंद पडलेल्या छापखान्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलले. मी मनात म्हटलं, सही! लेखाचा शेवट मिळाला. खाली उतरून फोन बघते तर स्क्रीन काळी. चार्जिंगला लावल्यावर कळलं, रेकॉर्डिंग सेव्हच झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तोंड पाडून परत गेले. आजोबांनी हसून सगळं पुन्हा सांगितलं. काहीही गाळलं नाही. पण या वेळी ते मध्ये थांबले नाहीत.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, ‘मग नवीन फोन का घेत नाहीस?’ आता त्यांना काय सांगणार? तरी सांगितलं. फोनची चिप एक कंपनी डिझाइन करते, बनवते बरेचदा दुसरीच. बनवणाऱ्या कारखान्याला फाउंड्री म्हणतात. आजोबांचे डोळे चमकले. खिळे ओतायचा कारखानाही फाउंड्रीच की! ‘म्हणजे लेखक एक आणि छापखाना दुसरा,’ ते म्हणाले. ‘हस्तलिखित तेच असतं गं. पण एका छापखान्यात अक्षर सुबक उठतं, दुसऱ्यात शाई फुटते. नुसतं लेखकाचं नाव बघून पुस्तक घेऊ नये.’

बॉस, सहा महिन्यांत मित्राला जे जमलं नव्हतं ते आजोबांनी दोन मिनिटांत समजावलं. घरी येऊन मी या चिपच्या अफवांचा इतिहासच काढून बसले. आणि जाम मजा आली.

पहिली गोष्ट कबूल करायला हवी, की या अफवा नेहमीच पोकळ नसतात. २०१५ सालचंच बघा. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८१० ही चिप तापते, अशी कुजबुज होती. सॅमसंग आपल्या नव्या गॅलेक्सीत ती वापरणार नाही, अशा बातम्या आल्या. जानेवारीत क्वालकॉमनेच गुंतवणूकदारांना सांगून टाकलं, की एका मोठ्या ग्राहकाच्या मुख्य फोनमध्ये आपली चिप नसेल. ग्राहकाचं नाव घेतलं नाही, पण थोड्याच दिवसांत गॅलेक्सी एस ६ आला तो सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस चिप घेऊन. अफवा शंभर नंबरी खरी!

पण आपल्याकडे या अफवांना एवढा भाव का? तर आपण भारतात राहतो म्हणून. सॅमसंग वर्षानुवर्षं एकाच फोनच्या दोन आवृत्त्या काढत आली. अमेरिकेत स्नॅपड्रॅगन, भारतात आणि युरोपात एक्सिनॉस. मागे याला कारणही होतं. अमेरिकेतल्या काही मोबाइल कंपन्या सीडीएमए तंत्रावर चालत आणि त्यात क्वालकॉमचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारण हळूहळू मागे पडलं, प्रथा मात्र राहिली. नाव तेच, रंग तोच, डबा तोच, पोटातलं इंजिन वेगळं.

२०२० मध्ये गॅलेक्सी एस २० आला तेव्हा तर कहर झाला. भारताला एक्सिनॉस ९९० मिळाली आणि सॅमसंगच्या माहेरी, खुद्द दक्षिण कोरियात, स्नॅपड्रॅगन. म्हणजे आचाऱ्याने स्वतःचा डबा बाहेरून मागवावा, तसं! हजारो ग्राहकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, की आम्हाला एक्सिनॉस नको. तेव्हापासून गॅलेक्सीचा सीझन जवळ आला, की आपल्याकडे एकच प्रश्न असतो : ‘या वर्षी कुठली?’

आणि २०२२ मध्ये चाहत्यांच्या मनासारखं झालं. गॅलेक्सी एस २२ भारतात स्नॅपड्रॅगन ८ जेन १ घेऊन आला. युरोपाला एक्सिनॉस, आपल्याला स्नॅपड्रॅगन. पेढे वाटायचेच बाकी होते.

आता आजोबांचा प्रश्न विचारा : छपाई कुठे झाली?

सॅमसंगच्याच फाउंड्रीत! ती स्नॅपड्रॅगनही आणि युरोपात गेलेली एक्सिनॉस २२०० सुद्धा. दोन्ही सॅमसंगच्या ४ नॅनोमीटर तंत्रावर तयार झालेल्या. लेखक बदलला, छापखाना तोच राहिला. ज्या बदलासाठी लोक वर्ष वर्ष थांबले, तो झाला खरा, पण अर्धाच.

खरा बदल झाला त्याच वर्षीच्या मे महिन्यात. फारसे ढोल न वाजवता. क्वालकॉमने जवळपास तेच डिझाइन तैवानच्या टीएसएमसीकडे दिलं आणि नाव ठेवलं ८ प्लस जेन १. या ‘प्लस’मध्ये काय होतं? क्वालकॉमच्याच दाव्यानुसार सीपीयू आणि जीपीयू सुमारे ३० टक्के कमी वीज खाणार होते. हस्तलिखितात जुजबी बदल, फरक मुख्यतः छापखान्याचा. पण कॅन्टीनमधल्या पैजा लागतात त्या स्नॅपड्रॅगन की एक्सिनॉस यावर. ती बनली कुठे, हे कुणी विचारतच नाही.

बरं, मग छापखाना कळला की सगळं कळलं का? तसंही नाही. २०१५ मध्येच ॲपलने आयफोन ६ एसची ए९ चिप दोन्हीकडे बनवून घेतली, थोडी सॅमसंगकडे, थोडी टीएसएमसीकडे. सॅमसंगची चिप आकाराने लहान होती, म्हणून सुरुवातीला तीच भारी वाटली. मग काही चाचण्यांत टीएसएमसीवाला फोन जास्त वेळ टिकला आणि एकच गोंधळ उडाला. ‘माझ्या नशिबी कुठली आली?’ हे सांगणारी ॲप्स निघाली. शेवटी ॲपलने सांगितलं, की रोजच्या वापरात बॅटरीत फरक पडतो तो २ ते ३ टक्क्यांचा. एवढा फरक तर आपण रात्री चार्जर लावायला विसरलो तरी पडतो! आणि गंमत म्हणजे, दुकानाच्या काउंटरवर डब्याकडे बघून आत कुणाची चिप आहे हे कळायची काही सोयच नव्हती.

मग कंपन्या हा खो-खो खेळतात तरी कशाला? आपल्यासाठी? अजिबात नाही. तुळशीबागेत घासाघीस करताना आपण म्हणतो ना, ‘समोरच्या दुकानात दीडशेला मिळतेय’, तसंच आहे हे. समोर दुसरं दुकान असलं, तरच पहिला दुकानदार भाव उतरवतो. ॲपलने २०११ मध्ये सॅमसंगला डिझाइन चोरीसाठी कोर्टात खेचलं, तरी आयफोनच्या चिप सॅमसंगच्याच कारखान्यातून येत राहिल्या. २०१४ मध्ये ए८ टीएसएमसीकडे गेली आणि पुढच्याच वर्षी ए९ साठी सॅमसंग परत हजर. व्यवहार म्हणतात तो हा! इंटेलचं उदाहरण तर फारच बोलकं. आयफोनची चिप बनवायची संधी आपण नाकारली होती, असं इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये ‘द अटलांटिक’ला सांगितलं. ॲपलने देऊ केलेल्या भावात परवडणार नाही, असा हिशेब निघाला होता. हिशेब चुकला. फोन खपले ते अंदाजाच्या कितीतरी पट.

सॅमसंगची गोची आणखी वेगळी. तिचं फोनचं दुकानही घरचं, चिपचं डिझाइनही घरचं आणि छापखानाही घरचा. बाहेरून चिप घेतली, तर घरची माणसं रिकामी बसतात. घरची घेतली, तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून मग एस २३ जगभर स्नॅपड्रॅगनवर, एस २४ भारतात पुन्हा एक्सिनॉसवर (अल्ट्रा सोडून) आणि २०२५ चा एस २५ परत सगळीकडे स्नॅपड्रॅगनवर. डिसेंबर २०२५ मध्ये सॅमसंगने २ नॅनोमीटरची एक्सिनॉस २६०० जाहीर केली, तेव्हा माझ्या मित्राचा मेसेज किती मिनिटांत आला असेल, ओळखा बघू!

आणि समजा, अफवा खरी निघाली. पुढे? गूगल आपल्या पिक्सेलची टेन्सर चिप सॅमसंगकडून काढून टीएसएमसीकडे नेणार, अशा बातम्या २०२३ मध्येच होत्या. ती चिप खरंच आली, पिक्सेल १० मध्ये, ऑगस्ट २०२५ ला. बातमी अचूक. पण ती वाचून २०२३ मध्ये कुणी ‘थांबू या’ म्हणालं असेल, तर त्याने दोन वर्षं जुन्या फोनवर काढली. दोन वर्षांत माणसाच्या आयुष्यात काय काय होतं? नोकरी बदलते, ताईचं लग्न होतं, भाचा चालायला लागतो. ते सगळं टिपायचं असतं ते खिशातल्या फोनने. येणाऱ्या फोनने नाही.

मला वाटतं, चूक अफवेची नसते. अफवा म्हणजे कंपन्यांच्या घासाघिशीचा भिंतीपलीकडून येणारा आवाज. ऐकायला मजा येते, ऐकावाही. पण त्या घासाघिशीत आपण कुठेच नसतो. ना आपल्याला कुणी विचारतं, ना आपल्या थांबण्याने भाव उतरतो. थांबण्याची किंमत मात्र आपणच मोजतो.

मी मोजली. त्या संध्याकाळी गिरगावातून थेट दुकानात गेले आणि फोन घेतला. समोर मिळत होता तो, अफवेतला नाही. मित्राला कळवलं तर म्हणाला, ‘घाई केलीस. अजून दोन महिने थांबायचं होतंस.’

आजोबांच्या तिसऱ्या भेटीला नवीन फोन घेऊन गेले. चार्जिंग शंभर टक्के. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, ‘यात कुठला छापखाना?’ मी सांगितलं. ते समाधानाने हसले आणि चहा मागवला.

पण रात्रपाळीचा विषय काही पुन्हा निघाला नाही.

थांबायचं की घ्यायचं?

• जुना फोन काम अडवत असेल, तर थांबू नका. नुसती हौस असेल, तर खुशाल थांबा.

• लाँच झाल्यावर कंपनीच्या भारतातल्या साइटवर प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. परदेशी रिव्ह्यूमधला फोन आणि आपल्या दुकानातला फोन आतून वेगळा असू शकतो.

• चिप डिझाइन कुणी केली आणि बनवली कुणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

• चिपच्या नावापेक्षा विक्रीला आलेल्या फोनच्या बॅटरीच्या आणि तापण्याच्या चाचण्या बघा. त्याही आपल्याकडच्या मॉडेलच्या.

• आणि मुलाखतीला जाताना पॉवर बँक न्या. हा सल्ला चिप कुठलीही असली तरी लागू!