दोष बंदुकीचा की शिपायाचा?

मंडळी, शिट्ट्या संपल्या की स्वयंपाकघरातून हमखास हुकूम येतो, "थांबा, कुकर पडू द्या!" आतली वाफ जिरण्याआधी झाकण ओढू नये, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण अमेरिकेच्या लष्कराला हा धडा शिकायला व्हिएतनामचे युद्ध लागले.

आमच्या ऑफिसातल्या काही अमेरिकन मित्रांना सुटे भाग आणून गराजमध्ये रायफल जुळवायची हौस. ती अडकली की सोमवारी जेवणाच्या टेबलावर खल सुरू! एक म्हणतो स्प्रिंग बदल, दुसरा म्हणतो काडतुसे बदल. आम्हाला बंदुकीचे वेड नाही, पण "अडकते का?" हा प्रश्न मात्र आमच्या जिव्हाळ्याचा. आणि या बहुतेक रायफली ज्या घराण्यातल्या, त्यातलीच थोरली म्हणजे एम-१६.

युजीन स्टोनर यांनी हिचा मूळ आराखडा १९५० च्या दशकात केला. गोळी सुटली की नळीतला थोडा वायू एका बारीक छिद्रातून मागे येतो, बोल्टला ढकलतो. बोल्ट रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे आत सारतो. सगळा खेळ वेळेचा. वायू कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातून परततो. जास्त झाला तर घाईने उघडतो.

१९६४ साली लष्कराने काडतुसातली दारू बदलली. जुन्या दारूने ठरलेला वेग आणि दाबाची मर्यादा दोन्ही सांभाळून मोठ्या प्रमाणावर उत्पादन जमत नव्हते, म्हणून नवी आली. दारू वाईट नव्हती, पण रायफल जुळवली होती जुन्या दारूवर. नवीमुळे छिद्रापाशी दाब वाढला. मिनिटाला ८५० गोळ्यांची मर्यादा ओलांडली जाऊ लागली. बोल्ट लवकर उघडे तेव्हा पितळी काडतूस फुगून घराला चिकटलेलेच असे. म्हणजे कुकर पडण्याआधीच झाकण ओढल्यासारखे! वर नव्या दारूची काजळी जास्त. घराला क्रोमचा मुलामा नाही, त्यामुळे व्हिएतनामच्या दमट हवेत गंज. त्यातच, हिला फारसे साफ करावे लागत नाही असा समज, आणि साफसफाईची साधने अपुरी.

ऐन लढाईत काडतूस आत रुतून बसे. मग नळीच्या तोंडातून सळई घालून ते बाहेर ढकलायचे, तेही समोरून गोळीबार चालू असताना. काही जवान अडकलेल्या रायफलीशेजारीच मृत सापडले. आणि वरून बोल लागला तो जवानांनाच: तुम्ही बंदूक साफ ठेवत नाही!

१९६७ मध्ये रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली आणि वरिष्ठांच्या हयगयीवर अत्यंत कडक ताशेरे मारले. दरम्यान इलाजही झाले होते: बोल्टची घाई आवरणारा नवा बफर, काडतुसाच्या घराला क्रोम, साफसफाईचे साहित्य. १९६८ मध्ये तर विल आयस्नर या चित्रकथाकाराकडून चक्क चित्रांचे माहितीपुस्तक काढून घेतले. रायफल सुधारली.

साफसफाईचा मुद्दा खोटा नव्हता बरं का! पण तो शेवटचा होता, पहिला नव्हे. त्याआधी विचारायला हवे होते, "कालपर्यंत चालत होते, मग मध्यंतरी बदलले काय?" हे विचारायला पैसे पडत नाहीत. फक्त उत्तर कधी कधी वरच्या साहेबाच्या टेबलावर जाऊन पोचते, म्हणून तो विचारला जात नाही. ज्याच्या हातात यंत्र अडकले, त्याला रागवणे केव्हाही सोपे!